सारंगखेड्याच्या घोडेबाजारात शिवून मिळणारा मार्गदर्शक कुत्र्याचा हार्नेस

अंध व्यक्तीला वाट दाखवणाऱ्या कुत्र्याचा हार्नेस कुठे मिळतो, असं विचारणारे फोन मला सारखे येतात. नाशिकहून येतात, इंदूरहून येतात. माझं उत्तर ठरलेलं आहे: मार्गशीर्षात नंदुरबार जिल्ह्यातल्या सारंगखेड्याला जा. एकमुखी दत्ताची यात्रा भरली की घोडेबाजाराच्या कडेने खोगीर, लगाम, घुंगरमाळा विकणाऱ्यांची पालं लागतात. त्यातल्या एका पालात बाप-लेक बसतात. लेक कापतो, बाप शिवतो. पालाला पाटी नाही, आणि नाव कुठे लिहू नका असं त्यांनी मला बजावून सांगितलंय. "नाम लिख देंगे तो दिनभर फोन बजेगा ताई, सुई कब चलेगी?" म्हणून इथेही ते नुसते चाचा. बाजारात शिरल्यावर "कुत्र्याचं सामान शिवणारे चाचा कुठे बसतात" एवढं विचारा, कुणीही पाल दाखवेल.

मी धुळ्यात, देवपुरात एक लहानशी संस्था चालवते. लॅब्राडॉर पिल्लं आठ आठवड्यांची झाली की आम्ही ती घरोघरी सांभाळायला देतो, वर्ष-सव्वा वर्षाची झाली की परत आणून शिकवतो, आणि जी या कामात रमतात तीच अंध व्यक्तीच्या हाती सोपवतो. जी रमत नाहीत त्यांना चांगलं घर बघतो. आमचे मुख्य प्रशिक्षक लष्करातून निवृत्त झालेले आहेत, मेरठला लष्कराच्या पशुवैद्यक विभागाच्या (आरव्हीसी) केंद्रात कुत्री शिकवण्यात त्यांची उमेदीची वर्षं गेली. हिशेब, देणगीदार, पशुवैद्य, पिल्लं सांभाळणारी घरं आणि सामान ही माझी बाजू. त्यात हार्नेसची अडचण सगळ्यात चिवट निघाली. ती सुटली या पालात.

आधी हार्नेस म्हणजे काय ते सांगते, कारण पुष्कळांना तो गळ्यातल्या पट्ट्याचाच थोरला भाऊ वाटतो. छातीवरून एक वादी, पोटाखालून तंग, पाठीवर छोटी गादी, आणि गादीच्या दोन्ही अंगांना जोडलेला एक कडक दांडा. कुत्रा माणसाच्या डाव्या बाजूने चालतो, दांडा माणसाच्या डाव्या हातात असतो. कुत्रा किंचित ओढ धरून पुढे चालतो आणि ती ओढ दांड्यातून तळहातात येते. कुत्र्याने अंग डावीकडे घेतलं की दांडा वळतो. पायरीशी तो थांबला की दांडा थांबतो. वेग वाढला, कमी झाला, रस्ता चढाला लागला, सगळं हाताला कळतं. दांडा खाली सोडला की कुत्र्याची सुट्टी, हेही त्याला पक्कं ठाऊक असतं.

रस्ता मात्र कुत्र्याला माहीत नसतो. हे आम्हाला प्रत्येक शाळेत, प्रत्येक कार्यक्रमात सांगावं लागतं. बसस्टँडवरून बँकेत जायचं तर कुठे वळायचं ते माणूस ठरवतो, गाड्यांचा आवाज ऐकून रस्ता कधी ओलांडायचा तेही माणूसच ठरवतो आणि हुकूम देतो. कुत्रा मधले खांब, खड्डे, हातगाड्या चुकवतो, डोक्याला लागेल अशी फांदी चुकवतो. फक्त एका प्रसंगी तो हुकूम मोडतो: माणूस "पुढे" म्हणाला आणि समोरून मोटारसायकल येत असली तर तो जागचा हलत नाही, नाहीतर माणसाच्या पायांपुढे आडवा होतो. शिकवायला हे सगळ्यात अवघड. इतकं शिकवलेला तो नकार माणसापर्यंत पोहोचतो दांड्यातूनच. दांडा लुळा असेल, जोडाशी खुळखुळत असेल, तर निरोप उशिरा पोहोचतो, आणि धुळ्याच्या आग्रा रोडवर तेवढा उशीर परवडत नाही.

हा दांडा जुना आहे. पहिल्या महायुद्धात डोळे गेलेल्या जर्मन सैनिकांसाठी १९१६ मध्ये ओल्डेनबुर्गला अशा कुत्र्यांची शाळा निघाली. १९२९ मध्ये अमेरिकेत 'सीइंग आय' ही संस्था सुरू झाली, १९३१ मध्ये इंग्लंडमध्ये वॉलसीला माणूस-कुत्र्याच्या पहिल्या चार जोड्या तयार झाल्या. सीइंग आय उभारणाऱ्यांपैकी एक, अंध मॉरिस फ्रँक आणि त्यांची कुत्री बडी यांचे जुने फोटो पाहिले तर त्यांच्या हातातही असाच कडक दांडा दिसतो. शंभर वर्षांत चामड्याच्या जोडीला नायलॉन आलं, लोखंडाच्या जागी हलके धातू आले, पण दांडा कडक तो कडकच राहिला.

आपल्याकडे ऑनलाइन जे 'सर्व्हिस डॉग' म्हणून मिळतं ते नायलॉनचं जाकीट असतं. वर मोठी अक्षरं, बाजूला खिसे, आणि पाठीवर मऊ पट्ट्याची मूठ. ती मूठ कुत्र्याला उचलायला ठीक आहे. तिच्यातून माणसाला काही कळत नाही, कारण पट्टा दुमडतो. परदेशातून चांगला हार्नेस मागवता येतो, पण तो येईपर्यंत कुत्र्याचं अंग भरलेलं असतं, आणि एखादं बकल तुटलं तर दुरुस्तीला परत कुठे पाठवणार? शहरातल्या बॅगा शिवणाऱ्यांनी, चपला शिवणाऱ्यांनी आम्हाला मनापासून मदत केली. शिवण सगळ्यांची उत्तम होती. पण चालत्या जनावराच्या अंगावर सामान बसवायची सवय त्यांच्या हाताला नव्हती. उभ्या कुत्र्यावर ते छान दिसायचं आणि चालायला लागल्यावर वादी खांद्यात रुतायची.

चाचांकडे आम्ही पहिल्यांदा तापीला घेऊन गेलो. तापी म्हणजे आमची पिवळी लॅब्राडॉर, तेव्हा शिकून जवळजवळ तयार झालेली. घोडेबाजारात तिला नेण्यात प्रशिक्षकांचा वेगळा हेतू होता. रेवाल म्हणजे झपाझप, डौलदार चालीची घोडी टापा आपटत बाजूने जातायत, धुळीचा लोट, भोंगे, भज्यांचा वास, लीद, पोरांचा गलका, आणि त्यातून तिने खाली नाक न घालता चालायचं. तापी चालली. एका नुकऱ्या म्हणजे पांढऱ्याशुभ्र घोड्याने फुरफुर केली तेव्हा तिचे कान मागे गेले, तेवढंच.

चाचांना मी मापांचा कागद दिला. छाती अठ्ठावीस इंच, गादीची लांबी, वादीची रुंदी, सगळं नीट लिहून नेलं होतं. त्यांनी कागद घडी करून ठेवला आणि म्हणाले, "पहले चलाओ. फिर नाप लूँगा." प्रशिक्षकांनी तिला पालापुढच्या मोकळ्या वाळूत फिरवलं. चाचा उकिडवे बसून तिचा खांदा बघत होते. एकदा सावकाश, एकदा भरभर, एकदा वळवून. मग तिला जवळ घेऊन त्यांनी खांद्याच्या टोकावर अंगठा ठेवला आणि प्रशिक्षकांना तिचा पुढचा पाय हलकेच पुढे ओढायला सांगितला. पाय पुढे आला तसं हाड अंगठ्याखाली सरकलं. जिथपर्यंत सरकलं तिथे त्यांनी खडूने खूण केली आणि म्हणाले, वादी या खुणेच्या वर जाणार नाही, नाहीतर तिचं पाऊल आखूड पडेल आणि धरणाऱ्याला वाटेल कुत्री दमली.

हे शेवटचं वाक्य ऐकून आमचे प्रशिक्षक माझ्याकडे बघायला लागले. अंध माणसाच्या हाताला काय वाटेल याचा विचार आम्ही बोलून दाखवण्याआधीच चाचांनी केला होता. मी विचारलं तेव्हा ते म्हणाले, लग्नात नवरदेवाला घोड्यावर बसवतात, त्याला घोड्याचं काहीच कळत नसतं. सामान नीट असेल तर घोडा त्याला सांभाळून नेतो. सामान टोचत असेल तर घोडा अंग चोरतो आणि नवरदेव घाबरतो. पिढ्यान्‌पिढ्या ते हेच बघत आलेत.

पिल्लूपणी तापीला सांभाळलेलं अमळनेरचं कुटुंबही त्या दिवशी यात्रेला आलं होतं. घरातल्या आजी पालापाशी बसूनच राहिल्या. चाचा आरीने भोकं पाडत होते आणि आजी सारख्या सांगत होत्या, "भाऊ, तिले टोचाले नको बरं! मन्ही पोर शे ती." चाचांनी पहिली वादी जोडल्यावर आतून स्वतःच्या मनगटाची आतली बाजू घासून दाखवली, मग आजींना घासायला लावली. एक टाका आजींच्या हाताला लागला. चाचांनी तो उसवला आणि परत घातला. पिल्लं सांभाळणाऱ्या घरांना आम्ही पैसे देत नाही, खाणं आणि औषधपाणी तेवढं देतो. त्यांनी वर्षभर लावलेल्या जिवावर ही संस्था उभी आहे, म्हणून त्या एका टाक्याची मला फार किंमत वाटते.

आता सामानाबद्दल. चामडं म्हशीचं, कमावलेलं, जाड पण वाकणारं. छातीच्या वादीला आतून दुहेरी अस्तर. शिवण हाताची, मेण लावलेल्या दोऱ्याची. खोगिराखाली नमदा, म्हणजे दाबून केलेल्या लोकरीचा जाड थर, घालतात तसा त्यांनी सुरुवातीला गादीखाली नमदा घातला होता. तो आम्ही काढून घ्यायला लावला. घोड्याला घाम येतो, तो नमद्यात मुरतो. कुत्रा उष्णता जीभ काढून, धापा टाकून बाहेर टाकतो, आणि आपल्याकडे वैशाखात पारा चव्वेचाळीसच्या पुढे जातो. नमद्याने तिची पाठ नुसती शिजली असती. चाचांनी त्या जागी जाड सुती कापड लावलं, धुता येईल असं, बटणांचं. दांडा ॲल्युमिनियमच्या पाइपचा, आणि जिथे हात येतो तिथे चामड्याची खोळ. उन्हात पाइप तापतो, खोळ तेवढी तापत नाही.

दांड्याची लांबी त्यांनी त्या दिवशी कापलीच नाही. म्हणाले, धरणाऱ्याला आणा. हे बरोबर होतं. उंच माणसाला दांडा आखूड पडला की तो डावीकडे झुकून चालतो आणि संध्याकाळी कंबर धरते. बुटक्या माणसाला लांब पडला तर कोपर वर राहतं आणि ओढ नीट कळत नाही. तापी ज्यांच्याकडे जाणार होती ते शहाद्याकडचे एक शिक्षक. ते आले, हात सैल सोडून उभे राहिले, मग तापीबरोबर नुसत्या दोरीने थोडं चालले, आणि चाचांच्या मुलाने चालता चालता त्यांच्या हातापासून तिच्या पाठीपर्यंतचं अंतर सुतळीने घेतलं. उभ्याचं माप आणि चालत्याचं माप यात इंचभराचा फरक निघाला. चालत्याचं माप धरलं.

सरांना मी नंतर विचारलं, आधीच्या सरावाच्या हार्नेसपेक्षा यात काय वेगळं जाणवतं? ते म्हणाले, आधी कुत्री थांबली हे कळायचं. आता ती थांबणार आहे हे कळतं.

तक्रारीही आहेत, त्या लिहायलाच हव्यात. पहिली म्हणजे वेळ. यात्रेत गर्दी असेल तर दिलेला वार पाळला जात नाही. आमचा दुसरा हार्नेस यात्रा उठल्यानंतर कितीतरी दिवसांनी कुणाबरोबर तरी दोंडाईच्यापर्यंत आला आणि तिथून आम्ही आणला. ज्यांच्या प्रशिक्षणाची तारीख ठरलेली आहे त्यांनी हा धोका ओळखून आधी जावं. दुसरी म्हणजे बकलं. चामडं एक नंबर, पण बकलं बाजारातली, पिवळा मुलामा दिलेली. पहिल्या पावसाळ्यातच मुलामा उडाला आणि आतून गंज दिसला. आता आम्ही स्टेनलेस स्टीलची बकलं स्वतः घेऊन जातो आणि ते ती लावून देतात. त्यावर त्यांची कुरकुर नाही. तिसरी, रंग. नव्या चामड्याचा तपकिरी रंग पावसात सुटतो. सरांचा पांढरा शर्ट खराब झाला. वापरण्याआधी ओल्या फडक्याने चारदोनदा पुसून घ्या, किंवा न रंगवलेलं चामडं मागा. आम्ही आता तेच मागतो.

चौथी अडचण थोडी मोठी आहे. दांडा गादीला जोडतो तिथे त्यांनी आधी रिव्हेट ठोकले होते, म्हणजे दांडा निघणार नाही. कुत्रा बसमध्ये सीटखाली बसतो, वर्गात टेबलाखाली झोपतो, तिथे दांडा काढता यावा लागतो. हे समजावल्यावर त्यांनी पिनेचा खटका बसवला. खटका मजबूत आहे, पण पिन ओढायला दोन बोटं लागतात आणि ती एका हाताने जमायला हवी. दुसऱ्या खेपेला पिनेला चामड्याचं छोटं कान लावून घेतलं, तेव्हा जमलं. तुम्ही शिवून घेणार असाल तर हे पहिल्याच भेटीत सांगा, आणि डोळे मिटून, एका हाताने पिन काढून-लावून बघितल्याशिवाय सामान ताब्यात घेऊ नका.

पक्कं बिल मिळत नाही. संस्था चालवणाऱ्यांना ही खरी डोकेदुखी आहे, कारण लेखापरीक्षकाला घोडेबाजार समजावता येत नाही. आम्ही छापील व्हाउचर नेतो, चाचांचा मुलगा त्यावर रक्कम लिहून सही करतो आणि पैसे मोबाइलवरून जातात, म्हणजे नोंद राहते. गेल्या यात्रेत पूर्ण हार्नेस, दांडा आणि खोळ धरून ३,४०० रुपये पडले, बकलं आमची. दुरुस्तीचे पैसे त्यांनी आजवर घेतलेले नाहीत. मी आग्रह केला तर म्हणतात, टाका सुटला म्हणजे काम पुरं झालं नव्हतं.

पैशांचा विषय निघालाच आहे तर एक सांगते. एका दुकानदार देणगीदारांनी सगळ्या हार्नेसचा खर्च उचलायची तयारी दाखवली होती. अट एवढीच, गादीवर दुकानाचं नाव. पैसे आम्हाला हवे होते, तरी मी नाही म्हटलं. सर वर्गावर जातात, बँकेत जातात, लग्नाला जातात. त्यांच्या डाव्या हाताला कुणाची तरी जाहिरात का असावी? त्याच कारणाने आम्ही कुत्रं अगदी फुकटही देत नाही. सीइंग आय संस्था पहिल्या कुत्र्याचे १५० डॉलर आणि पुढच्या प्रत्येक कुत्र्याचे ५० डॉलर घेते. खर्चाच्या मानाने ती रक्कम काहीच नाही, पण घेणारा माणूस ग्राहक राहतो, तक्रार करायचा त्याचा हक्क शाबूत राहतो. आम्हीही थोडी रक्कम घेतो आणि ती हार्नेसच्या खात्यात टाकतो. सरांनी शर्टाच्या रंगाची तक्रार माझ्याकडे ठणकावून केली, याचं मला मनापासून बरं वाटलं.

गादीवर अक्षरं मात्र आहेत. "काम करणारा कुत्रा. हात लावू नका." पांढरी, मराठीत. चाचांनी ती चामड्यात कापून मागून पांढरं रेक्झिन लावलंय, त्यामुळे पुसली जात नाहीत. रात्रीसाठी उसाच्या ट्रॉलीला लावतात तसली चमकणारी पट्टी दोन्ही बाजूंनी शिवून घेतली आहे, ती कल्पना मुलाची. आपल्याकडे लोक कुत्र्याला बघून एकतर घाबरतात नाहीतर "तू तू" करून बिस्कीट पुढे करतात. काम करत असलेल्या कुत्र्याला बिस्कीट दाखवणं म्हणजे गाडी चालवणाऱ्याचे डोळे झाकणं. अक्षरं मोठी असली की निम्मे लोक तरी वाचून थांबतात. एका हॉटेलमालकाने सरांना दारातच अडवलं होतं, तेव्हाही हार्नेसवर बोट ठेवून बोलता आलं.

जायचं असेल तर यात्रेच्या पहिल्या दोन-तीन दिवसांत जा, नंतर चाचा घोडेवाल्यांच्या कामात पार अडकलेले असतात. रेल्वेने दोंडाईचा गाठा, तिथून शहाद्याच्या रस्त्यावर सारंगखेडा. सकाळी लवकर जा, म्हणजे धूळ आणि गर्दी कमी असते आणि कुत्र्याला मोकळ्या जागेत चालवून दाखवता येतं. कुत्रं पूर्ण वाढलेलं असू द्या, वर्षाच्या आतल्याचं माप ते घेत नाहीत. जो माणूस दांडा धरणार आहे त्याला सोबत न्या. तो ठरला नसेल तर फक्त अंगावरचं सामान शिवून घ्या, दांडा नंतर. स्टीलची बकलं, व्हाउचर, पाण्याचं भांडं बरोबर ठेवा. आणि रिव्हेट नको, खटका हवा, पिनेला कान हवं, हे त्यांनी विचारायची वाट न बघता सांगून टाका.